अलिबागचा चुंबकीय डेटा, साइन आणि क्लिक : २० मिनिटांची रचना कशी बांधावी?

खाडीपूल, ठाणे पश्चिम · शुक्रवार, रात्री ९.५०

ठाण्यात एका छोट्या खोलीत ऐकवायची २० मिनिटांची रचना बांधतोय. खोली ६ बाय ४.५ मीटर, ऐकणारी तीसेक माणसं. साहित्य मुद्दाम तोकडं ठेवलंय: साइन (एकाच कंप्रतेचा शुद्ध स्वर), क्लिक, जरासा नॉइज आणि अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या दर मिनिटाच्या नोंदी. ठेका नाही, सुरावट नाही, रिव्हर्ब तर नाहीच. आवाजाचं काम सुपरकोलायडर या ध्वनिरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेटाची साफसफाई पायथनमध्ये.

वर्षभराच्या नोंदी सरळ ऑडिओ म्हणून वाजवल्या तर जेमतेम १२ सेकंद भरतात. ऐकू येते ती एक घरघर आणि मधेमधे मोठाले ठोके. उलट, आकड्यांवरून साइनची पट्टी वरखाली केली तर कुठलाही डेटा घाला, ऐकायला सगळं सारखंच. मधला रस्ता हवाय. ऐकणाऱ्याला काहीही सांगितलं नाही तरी रचनेचा सांगाडा त्या नोंदींतूनच उभा राहिलेला असावा. क्लिक, स्पीकर, खोली याबद्दलही जाणकारांनी लिहावं.

ज्या_तरंग, वाशी · शुक्रवार, रात्री १०.३५

आधी ते ठोके. इंटरमॅग्नेट या जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्याच्या फायली आयागा-२००२ या ठरलेल्या साच्यात येतात. नोंद हुकली असेल तिथे ९९९९९.०० लिहिलेलं असतं, आणि घटक मोजलाच नसेल तर ८८८८८.००. अलिबागचा आडवा घटक, म्हणजे एच, ३८ हजार नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास असतो. त्यात अचानक ९९९९९ आला की स्पीकरच्या दृष्टीने तो पूर्ण ताकदीचा धक्का. फाईल वाचताक्षणी हे दोन्ही आकडे ‘नॅन’ (‘आकडा नाही’ अशी खूण) करून टाका. फाईलमध्ये एच नसून एक्स आणि वाय (उत्तर आणि पूर्व दिशांचे घटक) असतील तर एच त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून मिळतो, पण वर्ग करण्याआधी ही सफाई झालीच पाहिजे. नंतर तो खोटा आकडा ओळखू येत नाही.

पाच-दहा मिनिटांचा खंड सरळ रेषेने भरा. तासाच्या वरचा खंड भरू नका, तिथे शांतता ठेवा आणि दोन्ही कडा हळू उतरवा. सरळ रेषेने भरलेले सहा तास कानाला लगेच कळतात, मधेच तरंगाचा पोत गुळगुळीत होतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. शांत दिवशी एच ४०-८० नॅनोटेस्लाच हलतो. ३८ हजारांवर ५० म्हणजे सुमारे उणे ५८ डेसिबल. सरासरी वजा न करता नॉर्मलाइझ करून (सर्वोच्च टोक पूर्ण पातळीला नेऊन) १६ बिटमध्ये फाईल काढली तर कामाच्या आवाजासाठी जेमतेम साडेसहा बिट उरतात. म्हणून आधी सरासरी वजा करा, मग ३२ बिट फ्लोटमध्येच फाईल काढा.

त्यानंतरही शांत दिवसांत थोडी खरखर राहील, ती तुमच्या साखळीतली नाही. मिनिटाच्या नोंदी ०.१ नॅनोटेस्लाच्या पायरीने असतात. १०० नॅनोटेस्लाच्या चढउताराला हजार पायऱ्या, म्हणजे साधारण १० बिट. मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा इथे ऐकू येते. ती घासून काढू नये असं माझं ठाम मत आहे.

शून्यछेद, कोपरखैरणे · शुक्रवार, रात्री ११.०५

स्पाइकबद्दल एक भर. तात्पुरत्या, न तपासलेल्या नोंदींत एकेका मिनिटाचे खोटे टोक असतात. ते काढायला पाच नमुन्यांचा मीडियन (मधलं मूल्य) लावतात, पण आंधळेपणाने लावू नका. चुंबकीय वादळाची सुरुवातही अशीच अचानक होते. काही मिनिटांत एच पन्नास-शंभर नॅनोटेस्ला चढू शकतो. फरक एवढाच की स्पाइक लगेच मूळ जागी परततो आणि वादळाची उडी वरच टिकते. पुढच्या दहा मिनिटांत परत आला तरच काढा.

ज्या_तरंग, वाशी · शनिवार, सकाळी ८.२०

आता १२ सेकंदांच्या घरघरीबद्दल. ती टाकाऊ नाही. दिवसाला १४४० नमुने, ४४.१ किलोहर्ट्झने वाजवले की रोजचा चढउतार ३०.६ हर्ट्झचा स्वर होतो. सूर्याच्या उष्णतेने आणि किरणांनी आयनोस्फिअरमध्ये जे प्रवाह वाहतात त्यांचा हा रोजचा ठसा. १२ तासांचा भाग ६१.२५ हर्ट्झ, ८ तासांचा ९१.९, ६ तासांचा १२२.५. म्हणजे एक खरी हार्मोनिक मालिका (मूळ कंप्रतेच्या पटींची), कुणी रचलेली नाही.

त्याला लागूनच ५९.२ हर्ट्झवर चंद्राची रेषा असते. चंद्राचा अर्धा दिवस १२ तास २५ मिनिटांचा, त्यामुळे ती ६१.२५ च्या किंचित खाली पडते आणि दोघींत सेकंदाला दोन डोल (आवाजाचे चढउतार) तयार होतात. ती फार अशक्त असते, सूर्याच्या भागाच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याची, तेव्हा अरुंद गाळणी लावूनच ऐकावी. आणि सूर्य स्वतःभोवती साधारण २७ दिवसांत फिरतो, त्यामुळे तीच खळबळ पुन्हा पुन्हा समोर येते. २७ दिवस म्हणजे ३८,८८० नमुने, म्हणजे सेकंदाला साधारण १.१३ ठोके. १२ सेकंदांत तेरा-चौदा लाटा. तुम्ही ज्याला घरघर म्हणता तिचा श्वास तो आहे.

वरच्या टोकाला, अडीच ते दहा मिनिटांचे जे स्पंद असतात ते ४.४ ते १७.६ किलोहर्ट्झमध्ये पडतात. वादळाच्या दिवसांत तिथे सळसळ वाढलेली दिसेल. त्याहून जलद स्पंद मिनिटाच्या नोंदीत मावतच नाहीत. त्यासाठी सेकंदाच्या नोंदी लागतात.

माझं म्हणणं एवढंच: ३६ तासांच्या आतलं सगळं आवाज म्हणून वाजवा, त्याहून सावकाश असलेलं नियंत्रण म्हणून वापरा. वादळानंतर क्षेत्र मूळपदावर यायला दोन ते पाच दिवस लागतात. ४४.१ च्या हिशोबाने हे साधारण १५ हर्ट्झ आणि त्याखाली जातं. स्पीकरचा कोन नुसता पुढेमागे होईल, ऐकू काहीच येणार नाही. पण तोच वक्र आवाजाच्या पातळीला किंवा गाळणीला जोडला की वादळ ओसरताना ऐकू येतं. साइनची पट्टी आकड्यांवरून हलवण्यात ही विभागणीच होत नाही. म्हणून कुठलाही डेटा सारखा वाटतो.

खाडीपूल, ठाणे पश्चिम · शनिवार, सकाळी १०.१०

हे फार मोलाचं आहे. पण १२ सेकंदांची २० मिनिटं कशी करायची? पॉलस्ट्रेचसारखं (आवाज लांबवणारं सॉफ्टवेअर) ताणलं तर सगळ्याचाच ढग होतो, कडा जातात.

ज्या_तरंग, वाशी · शनिवार, सकाळी ११.४०

ताणू नका. एक दिवस म्हणजे तरंगाचं एक आवर्तन धरा. वर्षाचे ३६५ किंवा ३६६ वेव्हटेबल (एकेका आवर्तनाचे तक्ते) होतील, आणि सुपरकोलायडरचं व्हीऑस्क हे स्वरजनक एका टेबलातून दुसऱ्यात हळूहळू सरकतं. १२०० सेकंदांत ३६६ दिवस म्हणजे एका दिवसाला ३.३ सेकंद मिळतात. स्वर तोच राहतो, त्याचा रंग दिवसागणिक बदलतो.

कृती अशी. दिवस कुठे कापायचा हे आधी ठरवा. फायली जागतिक वेळेत असतात, त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, आणि तिथून थोड्याच वेळात क्षेत्र हलायला लागतं. आपल्या मध्यरात्री, म्हणजे जागतिक १८.३० ला, रोजच्या फायलीतल्या १११० व्या नमुन्यानंतर कापा. तिथे क्षेत्र सगळ्यात शांत असतं, त्यामुळे जोड कमी खटकतो. तरी दिवसाची सुरुवात आणि शेवट नेमके जुळत नाहीत. ती तफावत तशीच ठेवली तर प्रत्येक आवर्तनात एक उडी येते आणि सगळ्या दिवसांवर सारखीच किरकिर चढते. दोन टोकांमधली सरळ रेषा वजा केली की ती जाते.

मग १४४० नमुन्यांची एफएफटी (तरंगाची कंप्रतांमध्ये फोड) घ्या, पहिले ६४ हार्मोनिक ठेवा, बाकीचे शून्य करा, आणि उलट एफएफटी २०४८ लांबीची मागा. काटछाट आणि नमुनेबदल एका फटक्यात होतात. काटछाट अत्यावश्यक आहे, कारण व्हीऑस्क स्वतःहून वरचे हार्मोनिक कापत नाही. १४४० नमुन्यांत ७२० हार्मोनिक मावतात. ६६ हर्ट्झवर वाजवले तरी ते ४७ किलोहर्ट्झपर्यंत जातात आणि २४ च्या (४८ किलोहर्ट्झच्या निम्म्या) वरचे सगळे उलटे मुडपून खाली येतात. त्या खोट्या स्वरांचा डेटाशी काडीचा संबंध नसतो.

२०४८ चा सिग्नल ‘ॲजवेव्हटेबल’ने बदलला की ४०९६ चा होतो, बफर (मेमरीतली राखीव जागा) तेवढा मोठा घ्या. हे विसरलात तर कर्कश, फाटका आवाज येतो. सगळे बफर सलग क्रमांकांचे हवेत, म्हणून ‘अलॉककन्सेक्युटिव्ह’. भरायला ‘लोडकलेक्शन’ वापरा, कारण एवढी मोठी टेबलं ‘सेटएन’ने पाठवली तर संदेश मधेच गळतात. शेवटी एक जादा बफर ठेवून त्यात शेवटचाच दिवस पुन्हा भरा, म्हणजे टोकाला पोचल्यावर रिकामा बफर मिसळणार नाही. सगळं मिळून सहा एमबी मेमरी लागते, जुन्या लॅपटॉपलाही झेपेल.

उपवन_दक्षिण, ठाणे · शनिवार, दुपारी १.१५

वाचतेय. एक शंका: प्रत्येक दिवस स्वतंत्र नॉर्मलाइझ करायचा की वर्षाच्या सर्वोच्च पातळीला धरून?

ज्या_तरंग, वाशी · शनिवार, दुपारी २.००

दोन्हीत तोटा आहे. वर्षाला धरून केलं आणि वर्षात मोठं वादळ असलं तर शांत दिवस २० डेसिबलने खाली जातात, खोलीच्या पंख्याखाली बुडतात. दिवसाला धरून केलं तर शांत आणि खवळलेला दिवस सारख्याच ताकदीचे होतात, ते तर खोटंच. टेबल दिवसाला धरून भरा, पण त्या दिवसाचा पल्ला वेगळ्या यादीत लिहून ठेवा. २० ते ४०० नॅनोटेस्ला म्हणजे २६ डेसिबलचा फरक. तो निम्मा करून १३ डेसिबलमध्ये बसवा आणि पातळीला जोडा.

शून्यछेद, कोपरखैरणे · शनिवार, दुपारी ३.३०

निम्मा करण्याला माझा विरोध आहे. अशा संगीतात शांततेला पातळी असते, आणि शांत दिवस ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागलं तर वाकू द्यावं. पंखा बंद करता येतो. पूर्ण २६ डेसिबल ठेवा आणि खोलीच शांत करा.

ज्या_तरंग, वाशी · शनिवार, दुपारी ३.५५

ठाण्यात पंखा बंद करून तीस माणसं बसवायची तर ती डिसेंबर-जानेवारीतच. रस्त्याचा आवाज धरून खोलीची पार्श्वभूमी ४० डेसिबलच्या खाली उतरत नसेल तर २६ डेसिबलचा खालचा अर्धा भाग ऐकणाऱ्यांपर्यंत पोचतच नाही. खोलीत आधी मोजून घ्या, मग ठरवा. आकडा बदलायला एक ओळ लागते.

शून्यछेद, कोपरखैरणे · शनिवार, संध्याकाळी ७.१०

क्लिकबद्दल लिहितो, माझा विषय आहे.

एका नमुन्याची क्लिक ४८ किलोहर्ट्झवर २०.८ मायक्रोसेकंदांची असते. तिच्यात सगळ्या कंप्रता सारख्या प्रमाणात असतात, म्हणून कागदावर ती आदर्श. प्रत्यक्षात तिची एकूण ऊर्जा इतकी थोडी असते की शून्य डेसिबलची क्लिकही खोलीत पुसट वाटते. ऐकू येणारी, कोरडी क्लिक हवी असेल तर ८ ते २० नमुन्यांची करा. त्याहून लांब केली की तिला रंग चढतो.

स्वर कधी कळायला लागतो? डेनिस गाबोरने १९४६ मध्ये मांडलं की काळ आणि कंप्रता दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या बारीक पकडता येत नाहीत. ५ मिलिसेकंदांच्या तुकड्याची कंप्रता साधारण २०० हर्ट्झच्या अंदाजानेच सांगता येते. म्हणून १००० हर्ट्झचा २ मिलिसेकंदांचा तुकडा नुसता टिचकीसारखा वाजतो आणि १०-१५ मिलिसेकंदांचा स्वर म्हणून कळतो. या दोहोंमधला प्रदेश, ३ ते १० मिलिसेकंद, अशा रचनेत सगळ्यात श्रीमंत आहे. त्याच कंप्रतेचा तुकडा नुसती लांबी बदलून क्लिकपासून स्वरापर्यंत नेता येतो. एकेक मिलिसेकंदाने वाढवत ऐका. सहाच्या आसपास कान डळमळतो: एकदा टिचकी वाटते, एकदा सूर.

नको असलेल्या क्लिक हा वेगळा त्रास. साइन शून्यावर सुरू केली म्हणून क्लिक होत नाही हा गैरसमज आहे. उतारही एकदम बदलतो, तो ऐकू येतो. ६० हर्ट्झचं एक आवर्तन १६.७ मिलिसेकंदांचं, त्याला ५ मिलिसेकंदांचा फेड दिला तर फेड तिसऱ्या हिश्श्यातच संपतो आणि ठक असा आवाज येतो. खालच्या स्वरांना ३० ते ५० मिलिसेकंदांचा, हान आकाराचा (दोन्ही टोकांना गुळगुळीत वळणारा) फेड द्या. १ किलोहर्ट्झच्या वर ५ पुरे.

खाडीपूल, ठाणे पश्चिम · शनिवार, रात्री ९.००

क्लिकच्या मांडणीसाठी किरणोत्सारी ऱ्हासाचा नमुना वापरायचा विचार आहे. डस्ट युजेन (सुपरकोलायडरमधला यादृच्छिक टिचक्या देणारा घटक) लावून पाहिला, पण गायगर काउंटरसारखा लागत नाही.

शून्यछेद, कोपरखैरणे · शनिवार, रात्री ९.२५

कारण डस्टच्या टिचक्या वेळेच्या बाबतीत बरोबर असल्या तरी उंचीने वेगवेगळ्या असतात, शून्य ते एकमध्ये कुठेही. गायगर नळीत प्रत्येक स्पंद जवळजवळ सारख्याच उंचीचा असतो. डस्टची शून्याशी तुलना करा, शून्याहून मोठा असेल तर एक. सगळ्या टिचक्या समान होतील आणि फरक लगेच कळेल.

घनता अर्धायुष्याने उतरवा. सेकंदाला ६४ पासून सुरुवात, दर ३ मिनिटांनी निम्मी. १८ व्या मिनिटाला सेकंदाला एक उरते. ६४ वर कानाला सुट्या टिचक्या कळत नाहीत, एक खरबरीत पृष्ठभाग लागतो. सेकंदाला वीसेकवर आली की तो फाटायला लागतो, आणि तुमच्या मांडणीत हे पाचव्या मिनिटाच्या आसपास होईल. शेवटच्या भागात सरासरी सेकंदाला एक असली तरी ३ सेकंदांहून लांब शांतता पाच टक्के वेळा येणारच. त्या रिकाम्या जागा हाताने भरू नका. झुबके आणि पोकळ्या हीच यादृच्छिकतेची खूण आहे. माणसाने हाताने मांडलेली ‘यादृच्छिक’ टिचक्यांची रांग नेहमी फार सारखी पडते.

कारशेड_कळवा · रविवार, सकाळी ९.४५

नॉइजसाठी कृत्रिम व्हाइट नॉइज कशाला घेता? विजेच्या तारांची गुणगुण घ्या. तीही मोजमापच आहे. आपल्या ग्रिडची कंप्रता ठरवून दिलेल्या ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो, आणि ती मागणी-पुरवठ्याप्रमाणे सतत सरकत राहते. तिच्या शेजारी अचूक ५० हर्ट्झची साइन ठेवली की डोल येतात. ०.१ चा फरक म्हणजे दहा सेकंदांना एक. हे फार सावकाश वाटत असेल तर दहावा हार्मोनिक घ्या: ५०० हर्ट्झवर तोच फरक दहापट होतो, सेकंदाला एक डोल. देशभर किती वीज ओढली जातेय त्याचा हलका वेध तुमच्या खोलीत चालू असतो.

साहित्य: टेलिफोन पिकअप कॉइल, किंवा १२ व्होल्टच्या जुन्या रिलेचं कॉइल, दोन मीटर शील्डेड वायर, ६.३ मिमी जॅक. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं. जॅकचं टोक कॉइलच्या एका तारेला, शील्ड दुसरीला. माइक इनपुटला लावा, गेन ४० ते ५० डेसिबल, ४८ व्होल्ट फँटम (माइकला वीज देणारी सोय) बंद. कॉइल कुठल्याही ॲडॉप्टरच्या किंवा ट्यूबच्या चोकच्या जवळ धरा. मेन्सला थेट काहीही जोडायचं नाही, अगदी रेझिस्टर घालूनही नाही. कॉइल नुसतं हवेतून घेतं, तेवढंच पुरतं.

५० आणि १०० तर येतातच, पण चार्जर आणि एलईडी ड्रायव्हरची वरची किरकिरही येते. ५०० वर २० हर्ट्झ रुंदीचा बँडपास (तेवढाच पट्टा सोडणारी गाळणी) लावा. साउंड कार्डच्या घड्याळात ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चूक असू शकते, ती ५०० हर्ट्झवर ०.०२५ हर्ट्झ होते, म्हणजे ४० सेकंदांना एक खोटा डोल. संगीताला चालेल, पण त्याला मोजमाप म्हणायचं असेल तर लक्षात ठेवा.

नेरूळपूर्व · रविवार, दुपारी १२.३०

खोलीचं बघू. ३० अंशाला ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मीटर प्रति सेकंद. ६ मीटर लांबीला २९.१ आणि ५८.२ हर्ट्झवर उभे तरंग तयार होतात, ४.५ मीटर रुंदीला ३८.८ आणि ७७.६ वर. तुमचे ३०.६ आणि ६१.२५ पहिल्या दोघांच्या अगदी कुशीत पडतात. परिणाम असा की भिंतीपाशी बसलेल्याला पोटात गडगडेल आणि खोलीच्या मध्यावर बसलेल्याला ३०.६ चा स्वर जवळजवळ नाहीसा होईल. साध्या संगीतात हे झाकलं जातं. एकच साइन असेल तर जागा बदलली की रचनाच बदलते.

उपाय सोपा आहे. ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झ धरा. रोजचा स्वर ३३.३ हर्ट्झ होतो आणि अर्ध्या दिवसाचा ६६.७. दोन्ही उभ्या तरंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात. व्हीऑस्कही ६६.७ वरच ठेवा. सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा सगळेच उभे तरंग जागे करतो. भिंतीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवून पाहा.

पाच इंची मॉनिटर ४५-५० हर्ट्झच्या खाली हात टेकतात, ३३ साठी दहा इंची सब लागेलच. तरी पातळी मोजून ठेवा: ३१.५ हर्ट्झचा स्वर ऐकू यायलाच सुमारे ६० डेसिबल लागतात, १ किलोहर्ट्झला शून्याच्या आसपास. म्हणून ३३ हर्ट्झ ‘ऐकू येत नाही’ म्हणून चढवत नेणं धोक्याचं. सबचा ॲम्प क्लिप होतो आणि शेजारच्या फ्लॅटमधली खिडकी थरथरायला लागते. वरच्या टोकालाही जपा. १०-१५ किलोहर्ट्झची सलग साइन कमी वाटली तरी ट्वीटर जाळू शकते. ट्वीटरवर लिहिलेले वॉट संगीत गृहीत धरून असतात, आणि संगीतात त्या भागात फारच थोडी ऊर्जा असते. असे स्वर तुकड्या-तुकड्यांत द्या.

रात्री १० नंतर खुल्यावर लाउडस्पीकर चालत नाही, बंद खोलीत चालतो. तरी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ३३ हर्ट्झ भिंत मानत नाही. कार्यक्रम सातला ठेवा.

उपवन_दक्षिण, ठाणे · रविवार, दुपारी २.१०

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून बारीक शीळ आणि गुणगुण येते, ती अशा रचनेत झाकता येत नाही. काय करावं?

नेरूळपूर्व · रविवार, दुपारी २.४०

रचना वाजेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर. ते जमत नसेल तर लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल टाका. तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स. प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण घालवणारे भेटतात. ते कधीही करू नका, जीव जाऊ शकतो. पावसाळ्यात जॅकवर ओलीचा थर धरतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवा.

खाडीपूल, ठाणे पश्चिम · रविवार, रात्री ८.५०

४८ किलोहर्ट्झ करून टाकलं, ६४ हार्मोनिकही कापले. खोटे स्वर गेले. आता वादळाचा प्रश्न. २०२४ चं वर्ष घ्यायचं म्हणतोय, कारण १० मेचं मोठं वादळ त्यात येतं. पण त्या दिवसाचं टेबल बाकीच्यांसारखंच मऊ लागतं.

ज्या_तरंग, वाशी · रविवार, रात्री ९.३०

कारण टोकांमधली सरळ रेषा वजा केलीत. वादळाची सुरुवात आपल्या वेळेने रात्री १०.३५ च्या सुमारास झाली, म्हणजे मध्यरात्री कापलेल्या दिवसात १३५५ व्या नमुन्याजवळ, अगदी शेपटाला. दिवसाचा शेवट सुरुवातीपासून लांब गेला आणि सरळ रेषेने तो फरक सगळ्या दिवसावर पसरवून टाकला. शिवाय ६४ हार्मोनिकांत ती उडी बोथट होते.

वादळाचे दोन दिवस टेबलात घालूच नका. १० आणि ११ मेच्या मूळ नोंदी, सरासरी वजा करून, न कापता, ४८ किलोहर्ट्झवर एकदाच वाजवा. २८८० नमुने, ६० मिलिसेकंद. २० मिनिटांच्या मांडणीत हे सात मिनिटं होऊन पाच-सात सेकंद गेल्यावर येईल. त्याआधी आणि नंतर दिवसाला ३.३ सेकंद मिळतात आणि वर्षातली सगळ्यात मोठी घटना ६० मिलिसेकंदांत उरकते. पुढचे दिवस मात्र त्या सावकाश वक्राने खाली ओढलेले राहतील. मला तर वाटतं तुमच्या रचनेचा कणाच तिथे आहे.

शून्यछेद, कोपरखैरणे · रविवार, रात्री ९.४०

आणि त्या क्षणी डस्टच्या टिचक्या बंद ठेवा. दोन्हीकडे एकेक सेकंद पुरे.

कारशेड_कळवा · रविवार, रात्री १०.०५

जाता जाता: मुंबईत चुंबकीय नोंदी १८४१ पासून कुलाब्याला होत होत्या. विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विद्युतप्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. आज ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तुमच्या रचनेत तारांची गुणगुण आणि अलिबागच्या नोंदी एकत्र येणार असतील तर ज्या दोन गोष्टी तेव्हा मुद्दाम वेगळ्या केल्या त्याच पुन्हा शेजारी बसतात. मला ही जोडी फार आवडली. गुणगुण डाव्या स्पीकरला, अलिबाग उजव्याला, अजिबात न मिसळता ठेवून बघा.

खाडीपूल, ठाणे पश्चिम · सोमवार, सकाळी ७.३०

ठेवतोच. शेवटचा प्रश्न, फाईल कशी काढावी? काहींना आधी फोनवर पाठवायची आहे.

शून्यछेद, कोपरखैरणे · सोमवार, सकाळी ८.१५

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह किंवा फ्लॅक. उच्चांक उणे १ डेसिबलपर्यंतच, कारण नमुन्यांच्या मध्ये लहर आकड्याहून वर जाऊ शकते आणि क्लिकमध्ये हे हमखास होतं. एमपी३ किंवा एएसी करू नका: क्लिकच्या आधीच एक पुसट फुसकारा येतो आणि १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुधा कापलं जातं. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लूटूथ स्पीकर नको, शांत भागात काही स्पीकर स्वतःच झोपतात आणि पुढची पहिली टिचकी गिळतात. वायरचे हेडफोन सांगा.

इंटरमॅग्नेट आणि वेधशाळा दोघांचा उल्लेख फाईलच्या माहितीत करा. या नोंदी बिगरव्यावसायिक वापरासाठी असतात, तेव्हा तिकीट लावायचं असेल तर आधी विचारून घ्या.